मुलाची डावी, चित्राची उजवी

३ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून करते आहे, कारण पुढचं वाचून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबणार हे मला ठाऊक आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच तोडलं असतंस. "फोनवर मी भांडते, कागदावर विचार करते," हे तुझंच म्हणणं. म्हणून कागद.

हॉस्पिटलात मला एक काम मिळालंय. मिळालंय म्हणजे मी मागे लागून मिळवलंय. लघवीच्या जंतुसंसर्गामुळे ज्या मुलांना पुन्हा पुन्हा ताप येतो, त्यांच्या किडनीवर व्रण राहिलाय का, हे बघायच्या तीन पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासायच्या. एक सोनोग्राफी. दुसरी तुझी: शिरेतून औषध, मग दोन-तीन तास वाट, मग गॅमा कॅमेरा. तिसरा एमआरआय, ज्यात सुई नाही, औषध नाही. साठ मुलं घ्यायची. तुझी तपासणी त्यांची तशीही होणारच असते, बाकीच्या दोन आम्ही जोडायच्या.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी एमआरआयचे मंगळवार दिलेत, सप्टेंबर संपेपर्यंत. त्यांना आम्ही घड्याळबाई म्हणतो, कारण बोलताना त्या समोरच्यापेक्षा स्वतःच्या मनगटाकडे जास्त बघतात. एमआरआयला व्रण नीट ओळखता आले तर मंगळवार कायमचे मुलांचे. नाही आले तर ते गुडघेवाल्यांना जातील.

आता खरी भानगड ऐक. पहिलीच मुलगी सहा वर्षांची. तिला मी टिटवी म्हणते, कारण कॅमेऱ्याच्या खोलीत तिला सुई टोचत होते आणि मला ती दोन मजले वर ऐकू येत होती. चार वेळा टोचलं तेव्हा शीर सापडली. मी खाली गेले तर हुंदके देत मला विचारते, "परत करायचं असतं का?" करायचं असतंच. ऑक्टोबरात तिची पुन्हा तपासणी आहे. आणि मावशी, माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या वेळी सुई नाही." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की."

आता बोल काय बोलायचंय ते.

तुझी,
ढब्बू


११ मार्च

ढब्बू,

"प्रिय" मुद्दाम लिहिलेलं नाही. राग उतरला की लिहीन.

बत्तीस वर्षं मी तो कॅमेरा चालवला. निवृत्त होऊन वर्षही झालं नाही, तोवर तू त्याला निरोप द्यायला निघालीस, आणि वर मलाच विचारतेस काय बोलायचंय! तुझे काका म्हणतात, पोरगी निदान विचारते तरी आहे. त्यांना शब्दकोड्यात तोंड घालून बसायला सांगितलंय.

नीट समजून घे. तुझं मशीन किडनीचा आकार दाखवतं. माझं औषध किडनीच्या जिवंत भागात जाऊन बसतं. जिथे व्रण आहे तिथे ते बसत नाही, आणि चित्रात तेवढी खाच दिसते. तू किडनी बघतेस. मी किडनीला विचारते, बाई, तू कुठे काम करतेस आणि कुठे हात टेकलेस? खाच दिसली की मी खाच म्हणते. सोनोग्राफीवाले "असावी, नसावी" करत बसतात.

आणि त्या पोरीला शब्द कसला दिलास? तपासणी व्हायच्या आधीच निकाल सांगून मोकळी झालीस. मोठी माणसं विसरतात. सहा वर्षांची मुलगी तारीख-वार लक्षात ठेवते. मला विचार.

तुझं काम मला पसंत नाही, पण मुलांचे हाल व्हायला नकोत, म्हणून एवढं लिहिते. मशीनमध्ये ज्या जागी मुलाची नजर जाते तिथे काहीतरी चिकटव. मी छताला चांदण्या चिकटवल्या होत्या. "हलू नकोस" असं कधी म्हणू नकोस, म्हटलं की मूल हलतं. "तुझ्या पोटावर मांजर झोपलंय, उठवू नकोस," असं म्हण. आणि पत्रात मुलांची नावं लिहायची नाहीत. नंबर लिही.

मावशी


७ जून

प्रिय मावशी,

मांजर झोपलं! अडतीस मुलं झाली आणि त्यातल्या चौतिसांच्या पोटावर मांजर झोपलं. उरलेल्या चौघांतला एक जण म्हणाला, "मला मांजर नको, कुत्रा," मग कुत्रा झोपवला. नंबर बाराने अठरा मिनिटं श्वासही जपून घेतला आणि बाहेर आल्यावर पोटाकडे बघून विचारलं, "कुठे गेलं?" बोगद्याच्या छताला कागदी चांदण्या लावल्यात. धातूचं काही आत चालत नाही.

आणि मी एक तक्ता तयार केलाय त्याचं कौतुक ऐक. एमआरआय वाचतात ते आमचे दाढीवाले डॉक्टर. तुझ्या पद्धतीची चित्रं वाचतात त्या कॅमेरावाल्या बाई. दोघांनी एकमेकांचं बघायचं नाही. मीही चित्रं बघायची नाहीत, फक्त तक्ते गोळा करायचे. निकालावर सह्या होईपर्यंत चित्रं कुलपात. नियम माझेच आहेत. आता हा "वरचं टोक" लिहील, ती "ऊर्ध्व ध्रुव" लिहील, असा घोळ नको म्हणून मी शब्दच काढून टाकले! कागदावर फक्त दोन घेवड्याच्या बिया काढल्यात. दिसला व्रण की त्या जागी फुली. सोनोग्राफीवाल्या बाई मात्र ऐकत नाहीत, त्या आपल्या शब्दांतच लिहून देतात.

मुलांच्या आधी मशीनमध्ये मी स्वतः झोपले. नंबर शून्य. माझ्या किडनीवर व्रण आहे हे मला माहीत आहे आणि दाढीला माहीत नाही. बघू, ओळखतो का.

तुझी,
ढब्बू


१५ जून

ढब्बू,

कागदाचं कौतुक राहू दे. कागद कधी हलत नाही, त्यामुळे तो सगळ्यांनाच चांगला वाटतो.

चौतीस मांजरांबद्दल अभिनंदन. काकांनी माझ्या पोटावर वर्तमानपत्र ठेवून "उठवू नकोस" म्हणून बघितलं. चालत नाही.

ऑक्टोबर जवळ येतोय हे विसरू नकोस.

मावशी


१९ सप्टेंबर

मावशी,

तू म्हणत होतीस तेच खरं झालं. माझं हसं झालंय.

साठ मुलं झाली. काल आकडेवाल्यांनी निकाल हातात दिला. तुझ्या पद्धतीने सत्तावीस मुलांत व्रण सापडले, काहींना दोन्ही बाजूंना, म्हणजे मिळून एकतीस किडन्या. त्या एकतीसपैकी सोनोग्राफीने पंधरा ओळखल्या. आणि माझ्या एमआरआयने फक्त आठ! उलट एकवीस किडन्यांवर, जिथे काहीच नाही, तिथे त्याने व्रण दाखवलेत. डोळे मिटून फुल्या मारल्या असत्या तरी बरं झालं असतं.

घड्याळबाई रागावल्या नाहीत, याचंच वाईट वाटलं. मनगटाकडे न बघता म्हणाल्या, "प्रयत्न चांगला होता." तीस तारखेला निकालावर सह्या होतील आणि मंगळवार गुडघ्यांचे. टिटवीची तारीख वीस ऑक्टोबर आहे. तिची आई काल भेटली. म्हणाली, "ती सगळ्यांना सांगत सुटलीय, मला आता सुई नाही म्हणून." वीस तारखेला ती मुलगी माझ्याकडे बघेल तेव्हा मी काय सांगू?

अजून एक. आईला सांगू नकोस. नंबर शून्यच्या तक्त्यावर दाढीने माझ्या उजव्या किडनीवर फुली मारलीय. माझा व्रण डावीकडे आहे ना? की मशीनने जुना सोडून नवाच शोधलाय? मला खरंच भीती वाटतेय. चित्र कुलपात आहे आणि कुलूप माझंच.

सगळ्या तक्त्यांच्या प्रती पाठवते आहे, नंबर शून्यसकट. नावं नाहीत. तू हसशील तर हस, पण एकदा बघ.

ढब्बू


२३ सप्टेंबर

प्रिय ढब्बू,

हो, "प्रिय" लिहिलंय. आधी पाणी पी. तुला नवा व्रण झालेला नाही. आणि त्या निकालावर कुणालाही सही करू देऊ नकोस.

तुझं पाकीट आलं तशी मी तुझी फिल्म काढली. कपाटात होती, तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून. व्रण डाव्या किडनीला, खालच्या टोकाला. तो मी काढलेला फोटो आहे आणि व्रण बाजू बदलत नाहीत. मग म्हटलं, हा दाढीवाला चुकला तर किती चुकला? पाहिलं तर फुली खालच्या टोकालाच, माझ्या फिल्मवर आहे अगदी तितक्याच आकाराची. फक्त पलीकडच्या बीवर.

मग तुझे एकवीस बघितले. ज्या मुलाच्या एका किडनीत एमआरआयने नसलेला व्रण दाखवला, त्याच मुलाच्या दुसऱ्या किडनीतला खरा त्याने सोडला. त्याच टोकाला. प्रत्येक वेळी. ढब्बू, चुकणारा माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही! आणि जे आठ बरोबर आले ते कुणाचे, बघितलंस? चार मुलांचे. चौघांनाही व्रण दोन्ही बाजूंना. तिथे डावं-उजवं करायला जागाच नव्हती.

मी काकांना कोड्यातून उठवलं, माझी फिल्म खिडकीच्या काचेवर धरायला लावली आणि तुझा शून्य नंबरचा तक्ता तिच्यावर ठेवला. जुळेना. मग तक्ता उलटा केला, छापलेली बाजू काचेकडे. फुली सरळ खाचेवर जाऊन बसली. काका म्हणाले, "अगं, हे तर मागून बघितलंय!" बत्तीस वर्षांत माझ्या कामाबद्दल ते एवढं एकच शहाणपणाचं बोलले.

कॅमेरा मूल झोपतं त्या टेबलाखाली असतो. किडन्या पाठीकडे असतात म्हणून आम्ही मुलाला मागून बघतो. बत्तीस वर्षं मी मुलांच्या पाठीच बघितल्या. आमच्या चित्रात मुलाची डावी ती कागदाची डावी. तुम्ही एमआरआयवाले मुलाला समोरून बघता, तुमच्याकडे मुलाची डावी कागदाच्या उजवीकडे येते. दोघांनी आपापल्या परीने बरोबर फुली मारली, आणि आकडेवाल्यांनी दोन्ही कागद एकाच बाजूने बघितल्यासारखे मोजले. आणि तुझ्या त्या दोन सुंदर बियांवर "डा" आणि "उ" कुठे आहे? शब्द काढून टाकलेस ना! दोन अक्षरं ठेवली असतीस तर बिघडलं असतं का? सोनोग्राफीवाल्या बाई शब्दांत लिहीत राहिल्या, म्हणून त्यांची एकही बाजू चुकली नाही.

जूनमध्ये तू कागदाचं कौतुक करत होतीस तेव्हाच मी तो मागवायला हवा होता. नाही मागवला, कारण मी रुसले होते. आता खरं सांगते. तुला टोचणारी मीच होते. दुसरं कुणी नव्हतं त्या दिवशी. चार वेळा चुकलं, पाचव्यांदा शीर सापडली, आणि त्यानंतर वर्षभर तू माझ्या मांडीवर बसली नाहीस. तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आता डॉक्टर होऊन ही त्याचा वचपा काढतेय. म्हातारीचं डोकं आहे, चालतं असंच.

ऊठ आता. तीस तारखेला सात दिवस आहेत.

मावशी


८ ऑक्टोबर

प्रिय, प्रिय, प्रिय मावशी,

तुझं पत्र मी जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि कपाळावर हात मारला तो इतक्या जोरात, की सफाईवाल्या बाई "लागलं का?" म्हणून धावत आल्या. मी रोज समोरून बघते, खाली बाई रोज मागून बघतात, आणि आम्ही दोघी एकाच टेबलावर डबा खातो!

घड्याळबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "निकाल आवडला नाही म्हणून कागद उलटा करायचा, असं मी उद्या सगळ्यांनाच करू दिलं तर?" बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, "मॅडम, दोन मिनिटं उभ्या राहता का?" त्यांच्या पुढे दाढीला उभं केलं, मागे बाईंना, आणि दोघांच्या हातात कागद दिले. "मॅडमच्या आकृतीवर घड्याळ कुठे आहे तिथे फुली मारा." दाढीची फुली कागदाच्या उजवीकडे. बाईंची डावीकडे. दोन्ही कागद मॅडमच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "घड्याळ तर एकच आहे ना?"

त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला. मग लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, "तरी पुन्हा वाचा." साठच्या साठ. नव्या तक्त्यावर, "डा" आणि "उ" छापून, नंबर बदलून, जुने तक्ते कुलपात. दाढी सहा दिवस वाचत होता. सह्यांची तारीख त्यांनी स्वतः पुढे ढकलली.

आणि काल निकाल आला.

एकतीसपैकी एकोणतीस, मावशी! एकोणतीस! आणि नसलेला व्रण एकाही किडनीवर दाखवला नाही. सोनोग्राफी तिथेच आहे, पंधरावर. आकडेवाल्यांनी कागद वाचून दाखवला तेव्हा दाढीने मला उचलायचा प्रयत्न केला आणि मग माझ्या नावाचा अर्थ लक्षात येऊन सोडून दिला. बाई रडल्या. मी रडलेच. जे दोन सुटले ते अगदी बारीक, वरच्या टोकाचे. ते फक्त तुझ्या कॅमेऱ्याला दिसले, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहिलंय: जिथे शंका राहील तिथे कॅमेराच. तुझं मशीन कुठे जात नाही. ते फक्त प्रत्येक मुलाला, प्रत्येक वेळी टोचणार नाही.

मंगळवार मुलांचे. कायमचे. कागदावर मॅडमची सही आहे.

कुलूपही उघडलं. माझी स्वतःची किडनी बघितली. डावी, खालचं टोक, तू काढलीस तशीच.

आता वचपा. मावशी, मला सुई जवळजवळ आठवतच नाही. आठवतं ते हे, की पाचव्या वेळेनंतर तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस आणि तुझी पाठ हलत होती. मला वाटलं, माझ्यामुळे तू रडतेस. म्हणून मी तुझ्या मांडीवर बसत नव्हते, मला लाज वाटायची. मार्चमध्ये मी खाली टिटवीकडे गेले, तेव्हा तिला टोचणाऱ्या सिस्टरही तशाच भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी ते सगळं त्या मुलीसाठी बोलले खरी. पण बघत होते ती त्यांच्याकडे.

मॅडम विचारतात, अहवालात आभार कुणाचे मानायचे? तुझं नाव देऊ?

तुझी,
ढब्बू


२१ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

काल टिटवी आली. आल्या आल्या म्हणाली, "हात दाखव." दाखवले. "मागे काय आहे?" मागे वळून दाखवलं. "खिसे." खिसे उलटे केले. दाढीच्या दाढीतसुद्धा तिने बघून घेतलं.

मग झोपली. मांजर चालेल म्हणाली, पण पांढरं. मशीन धडधडत होतं आणि ती चांदण्या मोजत होती. एकदाही हलली नाही. अठरा मिनिटांनी टेबल बाहेर आलं तशी उठून बसली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "सुई?"

मी म्हटलं, "नाही. संपलं."

"खरंच संपलं?"

"खरंच."

तिचा चेहरा पडला. "पण मी ओरडायचं ठरवून आले होते!"

मी म्हटलं, "मग ओरड की." आणि मावशी, ती अशी ओरडली, अशी ओरडली, की खाली कॅमेऱ्याच्या खोलीतून त्याच सिस्टर धावत वर आल्या. दारात टिटवी दोन्ही हात वर करून नाचत होती, दोन्ही कोपर कोरे, एकाही पट्टीशिवाय. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्याही ओरडल्या. घड्याळबाई बाहेर आल्या. मनगटाकडे बघितलं नाही.

जुना व्रण आहे तेवढाच आहे. नवा एकही नाही.

ढब्बू


२८ ऑक्टोबर

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र काकांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि ओरडण्याच्या जागी मीही ओरडले. शेजारी विचारायला आले. त्यांना सांगितलं, आमच्या घरी निकाल लागलाय.

नाव नको. आभारात "एक मावशी" असं लिही. आणि ते दोन सुटले ना, ते माझे! तुझ्या मॅडमना सांग, एकोणतीस तुमचे, पण एकतीस आमचे. हे मी मरेपर्यंत सांगणार आहे आणि तू ऐकून घेणार आहेस.

भिंतीकडे तोंड केलं म्हणजे कुणाला दिसत नाही असं मला वाटायचं. बत्तीस वर्षं मी मुलांच्या पाठी बघितल्या आणि माझी पाठ एका पाच वर्षांच्या मुलीने बघून ठेवली. तू तेव्हाच येऊन मांडीवर बसली असतीस तर दोघींचं वर्ष वाचलं असतं. आता ये. मांडी दुखते, पण बस.

आलीस की आधी पाठमोरी उभी राहा. शाबासकी द्यायचीय, आणि मला जागा माहीत आहे: डावीकडे, जरा खाली. तुझी डावी.

मावशी